‘पिशवीला सूज’ : एका निदानाची जन्मकथा

गेल्या पावसाळ्यात वालीव येथे शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत मानवी प्रजननसंस्थेवर बोलण्याचा प्रसंग आम्हाला आला. विषय दहावीच्या पाठ्यपुस्तकातलाच होता. चहाच्या वेळी एक शिक्षिका जरा बाजूला आल्या आणि त्यांनी एक फाईल आमच्या हातात ठेवली. फाईल त्यांच्या भावजयीची होती. वय ३६, दोन मुले, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की बारा-पंधरा दिवस थांबत नाही. ‘‘सर, पिशवीला सूज आहे म्हणतात. अस्तर जाड झालंय. मुलं झालीत, आता पिशवी काढून टाका म्हणतात.’’

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे, रोग्याला तपासणारे डॉक्टर नव्हे. दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा, शक्यतो मोठ्या सरकारी रुग्णालयातला सल्ला घ्या, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो. पण ‘पिशवीला सूज’ हे दोन शब्द घरी परततानाही डोक्यातून जाईनात. महाराष्ट्रात ते ऐकले नाहीत असे घर विरळाच असेल. या शब्दांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग असा की युरोपात हे निदान १९०८ च्या सुमारासच मोडीत निघाले होते.

प्रथम थोडी उजळणी करू. गर्भाशयाची भिंत जाड स्नायूंची असते व तिला आतून मऊ अस्तर असते. पाठ्यपुस्तकात त्याला अंतःस्तर म्हटले आहे. या अस्तराचे दोन थर असतात. स्नायूला चिकटलेला तळचा थर कायम राहतो. त्यावरचा थर दर महिन्याला वाढतो, पिकतो आणि गर्भ रुजला नाही तर रक्ताबरोबर बाहेर पडतो. एका स्त्रीच्या आयुष्यात हे सुमारे चारशे वेळा घडते. शरीरातला दुसरा कोणताही अवयव इतक्या वेळा स्वतःला मोडून पुन्हा उभा करीत नाही, आणि विशेष म्हणजे या जखमेचा व्रण राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना यातले फारसे काही ठाऊक नव्हते. १८४० च्या दशकात पॅरिसच्या रेकामिए या वैद्याने अस्तर खरवडून काढण्यासाठी लांब दांड्याचे चमच्यासारखे हत्यार बनविले. पुढे १८७० नंतर बर्लिनमध्ये कार्ल रुगे व त्याच्या सहकाऱ्यांनी ही खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत घालून दिली. पद्धत उत्तमच होती आणि आजही ती चालू आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव राहिली. खरवड काढली जाई ती फक्त आजारी स्त्रियांची. कुणाचा रक्तस्राव जास्त, कुणाचे पोट दुखते, कुणाला मूल नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कधी ग्रंथी अरुंद व सरळ दिसत, कधी नागमोडी, करवतीच्या दात्यांसारख्या. कधी अस्तर पातळ, कधी सुजल्यासारखे जाड व ओलसर. प्रत्येक रूपाला एकेक रोगाचे नाव मिळाले. ग्रंथींचा दाह, ग्रंथींमधल्या ऊतीचा दाह, जुना दाह, वाढीचा दाह. साऱ्यांचे मूळ नाव एकच, ‘एंडोमेट्रायटिस’, म्हणजे अंतःस्तराचा दाह. आपल्याकडच्या बोलीत पिशवीची सूज.

निरोगी स्त्रीचे अस्तर कसे दिसते, हा प्रश्न मात्र मागे राहिला. प्रयोगाचे नियम शिकविताना आपण विद्यार्थ्यांना ‘नियंत्रित संच’ कशासाठी हवा ते सांगतो. तो नसला तर काय होते याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला माहीत नाही.

व्हिएन्नामधील फ्रिट्झ हिट्शमान आणि लुडविग आडलर या दोघांनी हे कोडे सोडविले. त्यांची कल्पना इतकी साधी होती की ती आधी कुणाला सुचली नाही याचेच नवल वाटावे. त्यांनी अस्तराचे नमुने रोगाच्या नावाने न लावता पाळीच्या तारखेने लावले. पाळी संपल्यावर कितव्या दिवशीचा नमुना, पुढच्या पाळीच्या किती दिवस आधीचा, असा क्रम लावताच विखुरलेली चित्रे एका माळेत ओवली गेली. पाळीनंतर ग्रंथी अरुंद व सरळ; मग त्या वाढतात; पाळीच्या आधीच्या आठवड्यात नागमोडी होतात व स्रावाने भरतात. ज्याला वाढीचा दाह म्हणत, ते पाळीपूर्वीचे अगदी निरोगी अस्तर निघाले. खरा दाह ओळखायचा तर ग्रंथींच्या आकाराकडे न पाहता प्लाझ्मा पेशी आहेत का ते पाहावे, असेही त्यांनी दाखविले. त्यांचे निबंध १९०७ व १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग म्हणून ज्याच्यावर उपचार होत आले, ते बहुतांशी कॅलेंडरावरचे वेगवेगळे दिवस होते!

अर्थात लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. अस्तराला तारीख सांगतो कोण?

अंडाशयाकडे बोट दाखविणारे पुरावे तोवर जमू लागले होते. त्यातले काही तर फार क्रूर मार्गाने जमले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने १८७२ पासून पाळीच्या त्रासावर, आणि पुढे मनाच्या तथाकथित विकारांवरही, स्त्रियांचे अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुष्कळदा ते अंडाशय धडधाकट असत. शस्त्रक्रियेनंतर पाळी थांबे व गर्भाशय आक्रसे. व्हिएन्नात एमिल क्नाउअर याने १८९६ मध्ये सशाचे अंडाशय मूळ जागेवरून काढून शरीरात दुसरीकडे बसविले, आणि गर्भाशय आक्रसले नाही. काही वर्षांतच योझेफ हाल्बान याने माकडांत असेच रोपण केले; त्यांची पाळी चालू राहिली. रोपण केलेल्या अंडाशयाच्या मूळच्या मज्जातंतू तुटलेल्या होत्या. तेव्हा संदेश रक्तातूनच जात असला पाहिजे. १९०३ मध्ये लुडविग फ्रेंकेल याने, आपले दिवंगत गुरू गुस्टाव बोर्न यांची कल्पना पारखताना, गाभण सशांच्या अंडाशयातील पीतपिंड जाळून टाकले. गर्भ टिकले नाहीत. म्हणजे अंडाशयातून एक नव्हे, दोन निरनिराळे निरोप निघत होते. अशा रासायनिक निरोप्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये दिले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

पुढची तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांची. १९२३ मध्ये अमेरिकेत सेंट लुई येथे एडगर अ‍ॅलन व एडवर्ड डॉइझी यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांतील पुटिकांचा द्रव टोचून दाखविला, की वाढीचे संप्रेरक त्यातच आहे. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतील अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून, इस्ट्रोजेन गटातील पहिले संप्रेरक स्फटिकरूपात मिळविले. त्याच वर्षी जॉर्ज कॉर्नर व विलार्ड अ‍ॅलन यांनी पीतपिंडाचा अर्क वेगळा केला, आणि १९३४ मध्ये शुद्ध प्रोजेस्टेरॉन हाती आले. बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेला सुमारे ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून ते अवघे २० मिलिग्रॅम मिळाले होते. (याच काळात, १९२७ पासून, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे आपले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते. गणिताच्या या प्राध्यापकाला संततिनियमनाचा पुरस्कार केल्याबद्दल नोकरी गमवावी लागली होती. शरीराच्या या भागाविषयी मराठीत उघड लिहिण्याची किंमत तेव्हा काय होती, ते त्यावरून कळते.)

निर्णायक पुरावा आला तो १९३२-३३ च्या सुमारास बर्लिनहून. कार्ल काउफमान यांनी अंडाशय काढलेल्या स्त्रियांना आधी इस्ट्रोजेन व मग पीतपिंडाचे संप्रेरक दिले. त्यांचे अस्तर वाढले, नेमके पिकले, आणि औषध थांबविल्यावर पाळी आली. अंडाशय नसताना! गर्भाशय स्वतः काही ठरवीत नाही, ते ऐकलेले पाळते, हे यातून सिद्ध झाले.

वसई पट्ट्यातल्या शिक्षकांना आम्ही हे भाताच्या उदाहरणाने सांगतो. इस्ट्रोजेनने रोप वाढते; प्रोजेस्टेरॉनने ते निसवते, दाणा भरतो. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात पुटिका वाढते व इस्ट्रोजेन स्रवते. मध्यावर अंड बाहेर पडते, रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो व तो प्रोजेस्टेरॉन देतो. गर्भ नसेल तर सुमारे चौदा दिवसांनी पीतपिंड मावळतो, दोन्ही संप्रेरके एकदम घसरतात आणि सारे पीक एकाच वेळी कापले जाते. हे कापणे कसे होते ते अमेरिकेत मार्की यांनी १९४० मध्ये अक्षरशः डोळ्यांनी पाहिले. त्यांनी ऱ्हीसस माकडिणीच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्याच्या पारदर्शक पटलामागे रुजविला व महिनाभर निरीक्षण केले. संप्रेरके घसरताच अस्तर आकसले, त्यातल्या मळसूत्री धमन्या अधिकच पिळल्या, काही तास घट्ट मिटल्या, आणि त्या पुन्हा उघडल्यावर रक्त आले. मिटण्याची ही क्रिया रक्तस्रावाला मर्यादा घालते. हे ऱ्हीसस माकड आपल्या उत्तर भारतातले. या विषयातले बरेचसे ज्ञान त्याच्या जिवावर उभे आहे. भारताने त्याची निर्यात १९७८ मध्ये बंद केली.

आता वालीवच्या फाईलकडे नेणारा मुद्दा. कॉर्नर यांना १९२३ मध्येच दिसले होते, की काही माकडिणींना पाळी येते पण अंडाशयात पीतपिंडाचा पत्ता नसतो. म्हणजे अंड सुटलेलेच नसते. जर्मनीत रोबर्ट श्रोडर यांनी १९१५ च्या सुमारास स्त्रियांतही हेच ओळखले. पुटिका फुटत नाही, इस्ट्रोजेन स्रवतच राहते, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. नुसता पाला वाढावा आणि लोंबी धरू नये, तशी अस्तराची गत होते. ते जाड होत जाते, त्यातल्या काही ग्रंथी फुगून छिद्राळ चीजसारखे दिसू लागते. सगळे पीक एकदम कापण्याचा इशाराच मिळत नाही. मग कुठे एक कोपरा ढासळतो, दुसऱ्या दिवशी दुसरा. पाळी महिना-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. हा गर्भाशयाचा रोग नव्हे, आणि सूज तर नव्हेच. चूक वरच्या पातळीवर, अंडाशय, पीयूषिका व मेंदू यांच्या आपसातल्या संवादात झालेली असते.

असा संवाद बिघडण्याचे प्रसंग आयुष्यात ठरलेलेच असतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे, मेंदू व अंडाशय यांची लय जुळेपर्यंत, पुष्कळ महिने अंड सुटतच नाही. आठवी-नववीच्या वर्गातली अनियमितता बहुधा ही. चाळिशीनंतर, अंडाशय मंदावताना, तसेच घडते. मधल्या वयात थायरॉइडचे विकार, लठ्ठपणा आणि अंडाशयातील अनेक पुटिकांचा विकार (ज्याला सर्रास ‘पीसीओएस’ म्हणतात) ही कारणे असतात. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या किशोरी व तरुणींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एका निकषाने २२.५ टक्के व अधिक कडक निकषाने १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. निकष बदलला की आकडा निम्म्याहून खाली येतो, हेही वर्गात सांगण्याजोगे.

एकट्या इस्ट्रोजेनची सत्ता फार काळ चालू राहिली तर काय, याचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले. पाळी गेलेल्या स्त्रियांना अमेरिकेत तेव्हा सर्रास केवळ इस्ट्रोजेन दिले जाई. त्या वर्षी डिसेंबरमध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखविले, की अशा स्त्रियांत अस्तराचा कर्करोग कितीतरी अधिक होतो. जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले की हा धोका उतरतो. तेव्हा वर्षानुवर्षे अनियमित पाळीकडे दुर्लक्ष करणेही बरोबर नव्हे.

प्रत्येक रक्तस्राव संप्रेरकांचाच असतो, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. गाठी असतात, अस्तरातून लोंबणारे कोंब असतात, कर्करोग असतो. अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजून पाळीच्या वेळी असह्य वेदना देते. अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात वर्णिलेला हा विकारही इस्ट्रोजेनवरच पोसतो. आपल्या देशात तर अस्तराचा खरा दाहही असतो, क्षयरोगाचा. त्याला क्षयाचीच औषधे लागतात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही न थांबता तपासणी हवी. म्हणून २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट ठरवून दिले. सगळ्यांना एकच नाव आणि एकच उपाय, ही पद्धत त्यामुळे औपचारिकरीत्या संपली.

कागदावर संपली, असे म्हणायला हवे. ऊसतोडीसाठी दरवर्षी बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी बाहेर पडतात. जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाड्याचा दंड. फडावर संडास नाही, पाणी नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखेच नसतील, तरी एवढी तफावत वयाने भरून निघणारी नाही. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, जास्त रक्तस्राव, कर्करोगाची घातलेली भीती, ही कारणे या बायकांनी सांगितली. यातल्या बहुतेक तक्रारींवर गोळ्या-औषधे आहेत.

या बायकांना दोष देणे आम्हाला मान्य नाही. महिन्याचे बारा दिवस रक्त जाणाऱ्या, अंगात रक्त न उरलेल्या आणि रोजावर पोट असलेल्या स्त्रीला ‘एकदाची कटकट मिटली’ असे वाटणे स्वाभाविक आहे. कटकट मिटत नाही, हे तिला कुणी सांगत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पस्तिशीतच इस्ट्रोजेन संपते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचे संरक्षण कमी होते. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. बीड प्रकरणानंतर तेथे अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. अंड सुटत नसेल तर जे कमी पडते तेच द्यायचे, म्हणजे महिन्यातले काही दिवस प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी ‘माला-एन’ संततिनियमनाची असली तरी रक्तस्रावही कमी करते. रक्तदाब वगैरे पाहून डॉक्टरांनीच ती द्यावी. जपानच्या ओकामोतो दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल संप्रेरक नसूनही उपयोगी पडते. तांबीसारखेच गर्भाशयात बसविण्याचे, पण रोज अत्यल्प संप्रेरक सोडणारे साधन फिनलंडमध्ये १९९० पासून मिळते व आता आपल्याकडेही आहे. त्याच देशात गर्भाशय काढण्यासाठी नाव नोंदविलेल्या ५६ स्त्रियांवर प्रयोग झाला. हे साधन बसविलेल्यांपैकी ६४ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांत शस्त्रक्रियेचा बेत रद्द केला; जुनेच उपचार चालू असलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. हा अभ्यास १९९८ मधला आहे.

आणि ती फाईल. सोनोग्राफीच्या अहवालात अस्तराची जाडी १३ मिलिमीटर लिहिली होती आणि तिच्याखाली रेघ ओढलेली होती. पाळी संपताना अस्तर दोन-चार मिलिमीटर असते, तर पाळीपूर्वीच्या आठवड्यात निरोगी स्त्रीतही ते १६ पर्यंत जाऊ शकते. तेव्हा १३ हा आकडा सूज आहे, इस्ट्रोजेनची एकतर्फी वाढ आहे की नुसता महिन्याचा एक दिवस आहे, हे ठरवायचे तर आधी तारीख हवी. आम्ही अहवाल वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. ‘शेवटच्या पाळीची तारीख’ या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते.

बाईंना ते दाखविले. त्यांनी तिथूनच भावजयीला फोन लावला. घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेल्या चार वर्षांच्या तारखांभोवती तिने पेनाने गोल केलेले होते. जुन्या दिनदर्शिकाही जपून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, तारखा मला कुणी विचारल्याच नाहीत.